बळ आणि काटकसर

इंजिनाला बळ द्यावयाचें तर तें इंधन फार पिणार, आणि इंधन वांचवावयाचें तर तें चढावर धापा टाकणार, अशी पुष्कळांची समजूत असते. जणूं बळ व काटकसर या दोघी सवतीच; एका घरांत नांदावयाच्या नाहींत! आम्ही मावळचे रहिवासी. बोरघाट आमच्या दाराशींच असल्यामुळें ही समजूत पारखून पाहण्याची संधि आम्हांस अनायासें मिळाली.

आगगाडीचेंच उदाहरण घ्या. बोरघाटांतील लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. ३७ फूट पुढें जावें तेव्हां १ फूट वर चढावें, असा त्याचा खडा चढ आहे. वाफेचीं इंजिनें वर येतांना कोळशाच्या राशी जाळीत, आणि इतक्या कष्टानें मिळविलेली उंची उतरतांना ब्रेकांच्या घर्षणांत उष्णतारूपानें व्यर्थ जाई. १९२९ सालीं कल्याण ते पुणें या मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या. त्या काळीं मालगाड्यांसाठीं आणलेलीं सुमारें २,६०० अश्वशक्तीचीं विजेचीं इंजिनें 'खेकडा' या नांवानें ओळखलीं जात. त्यांची खुबी अशी कीं, घाट उतरतांना त्यांच्या मोटारीच वीज उत्पन्न करूं लागत. त्यामुळें गाडीचा वेग आवरला जाई, आणि ती वीज तारेंत परत जाऊन घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या उपयोगीं पडे. असा एक खेकडा आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयांत विसांवला आहे. परंतु हीच युक्ति आजच्या नव्या विजेच्या इंजिनांतही आहे. बळ आणि काटकसर या दोहोंचा शत्रु एकच, आणि तो म्हणजे नासाडी, हें यावरून ध्यानांत येतें.

हीच गोष्ट आम्हां भावंडांस घरींही अनुभवास आली. आमच्या घरीं एक जुनी पेट्रोलची जीप आहे. पवन मावळांतील दूध व भाजी लोणावळ्याच्या बाजारीं पोंचविणें हें तिचें काम, आणि त्यावरच आमचा प्रपंच चालतो. गेल्या वर्षीं दुधिवरे खिंडीच्या चढावर तिचा दम तुटूं लागला, आणि पेट्रोलचा खर्च मात्र वाढत चालला. ताईच्या कॉलेजच्या फीसाठीं ठेवलेले पैसे, एवढेंच काय तें आमच्याजवळचें द्रव्य. दादाचें म्हणणें, तेंच वापरून मोठें इंजिन बसवावें. आमचे वृद्ध मिस्त्री हंसून म्हणाले, "बाळांनो, आहे त्या इंजिनाचें बळ कोठें गळतें, तें आधीं पाहूं या."

इंजिन उघडलें तों पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, आणि व्हॉल्व्ह नीट बसत नसलेले! पेट्रोल व हवा यांचें मिश्रण जितकें अधिक दाबावें, तितकें त्याच पेट्रोलांतून अधिक काम निघतें. मर्यादेबाहेर दाबल्यास मात्र तें अवेळीं पेटून इंजिन ठोके देऊं लागतें. आमच्या जीपमध्यें तो दाबच निसटून जात होता. मिस्त्रींनीं नव्या रिंगा घातल्या, व्हॉल्व्ह घांसून बसविले, हवेची जाळी स्वच्छ केली. शेवटीं कार्बुरेटर लावला. वजनानें १ भाग पेट्रोलास सुमारें १५ भाग हवा लागते. लोणावळें समुद्रसपाटीपासून सुमारें ६२० मीटर उंच असल्यानें येथील हवा विरळ. म्हणून खालीं खोपोलीस नीट लावलेला कार्बुरेटर येथें पेट्रोल थोडें जास्तच सोडतो. मिस्त्रींनीं तो येथल्या हवेस जुळवून दिला.

आतां खिंड चढतांना जीपला पहिला गिअर लागत नाहीं, आणि आठवड्यास पेट्रोलचा एक डबा वांचतो. मोठ्या इंजिनास जें द्रव्य लागलें असतें, त्याच्या लहानशा अंशांत हें काम झालें, आणि ताईची फीही वेळेवर भरली गेली.

विद्यार्थिबंधूंनो, वेळ पुरत नाहीं, शक्ति पुरत नाहीं, अशी तक्रार आपण नित्य करीत असतों. अधिक मागण्यापूर्वीं, जवळ आहे तें कोठें गळतें एवढें एकदां पाहावें. बहुधा चढ चढण्यापुरतें बळ आपल्यापाशीं असतेंच.