शेवटचा घास

जर्मनीतल्या श्वार्त्सवाल्डच्या, म्हणजे काळ्या अरण्याच्या, कडेला यजमानांबरोबर मी मचाणावर बसलो होतो. दिवस मावळता मावळता आपल्या भेकराएवढे एक रो हरीण समोर आले. पण ते आमच्याकडे तोंड करून उभे! यजमानांनी बंदूक खाली घेतली. जनावर आडवे असेल तेव्हाच खांद्यामागे, काळीज-फुप्फुसांवर नेम धरायचा, हा तिथला दंडक. माझ्या तोंडून निराशेचा सुस्कारा गेला.

काही वेळाने ते आडवे झाले. बार उडाला, आणि त्याच क्षणी त्याने पाऊल उचलले. ते झाडीत नाहीसे झाले. जागेवर रक्त होते. फुप्फुसाचे रक्त गुलाबी, फेसाळ असते. यात चघळलेल्या पाल्याचा अंश होता. गोळी पोटात लागली होती. लगेच पाठलाग केला तर असे जनावर फार लांब पळते. जखमी जनावराची यातनांतून लवकर सुटका करणे तिथे कायद्यानेही बंधनकारक आहे. पण अंधारात इलाज नव्हता. यजमान त्या रात्री जेवले नाहीत.

उजाडताच लांब पट्ट्याला बांधलेला, माग काढणारा बव्हेरियन कुत्रा आला. तासाभराने हरीण ओढ्याकाठी सापडले, गार पडलेले. यजमानांनी टोपी काढली आणि एक हिरवी डहाळी त्याच्या तोंडात ठेवली. याला तिथे 'शेवटचा घास' म्हणतात. मला आपले तुळशीपत्र आठवले.

परतताना मी समजुतीने म्हणालो, "नेम तर बरोबर होता."

"उजेड पुरेसा नव्हता," ते म्हणाले. "मला कळत होते ते. पण तुम्ही एवढ्या लांबून आला होतात."