पुसलेल्याच्या खुणा

आमच्या महाविद्यालयाच्या नियतकालिकाचे संपादन गेली काही वर्षे आम्हा दोघांकडे आहे. एक मराठी विभागातले सर, एक त्याच विभागातल्या मॅडम. दोघांचेही शिक्षण एम.ए. मराठी. त्यामुळे मजकुराच्या बाबतीत आम्ही स्वतःला जाणकार समजतो, आणि चित्राच्या बाबतीत आपण अडाणी आहोत हे मात्र सहसा कबूल करीत नाही. पुढील हकिकत त्या कबुलीची आहे.

२०२३-२४च्या अंकात आम्ही नगरच्या निजामशाहीवर एक विभाग योजला होता. त्यात मॅडमनी 'तारीफ-इ-हुसेनशाही' या हस्तलिखितावर दीर्घ लेख लिहिला. आफताबी नावाच्या कवीचे हे फारसी काव्य हुसेन निजामशहाची स्तुती करते. १५६५च्या तालिकोटच्या लढाईनंतरच्या काळात नगरच्या दरबारात ते सचित्र सिद्ध झाले. दख्खनी चित्रकलेच्या आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते, आणि आज ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातील एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते. संस्कृत काव्यातला हा 'दोहद' संकेत एका फारसी पोथीत, तोही नगरात, भेटावा याचे आम्हाला फार अप्रूप वाटले. (आपल्या 'डोहाळे' या शब्दाचे मूळही तेच.) परंतु या पोथीची खरी चटका लावणारी गोष्ट वेगळी आहे. चित्रांत हुसेनशहाच्या शेजारी त्याची राणी खुंजा हुमायून बसलेली होती. पतीच्या मृत्यूनंतर तिने मुलाच्या नावाने कारभार पाहिला. १५६९च्या सुमारास त्याच मुलाने, मुर्तझाने, तिला कैदेत टाकले. पुढे केव्हातरी बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसून टाकण्यात आली. पुसली, पण नाहीशी झाली नाही. सिंहासनावर शहाच्या शेजारी माणसाच्या आकाराचा एक डाग राहिला.

हा लेख युनिकोडमध्ये टंकित करून दिला तो द्वितीय वर्ष कलाशाखेतील एका विद्यार्थ्याने. मुलगा पाथर्डी तालुक्यातला, मागच्या बाकावर बसणारा, अबोल. लेखाबरोबर त्याने मुखपृष्ठासाठी म्हणून एक चित्रही मोबाइलवर दाखविले. एक डवरलेले झाड, गडद निळी संध्याकाळ, आणि झाडाखाली एक अर्धवट उमटलेली बाई.

"मूळ चित्र कुठे आहे?" सरांनी विचारले.

"हेच मूळ आहे, सर."

"कागदावरचं म्हणतोय मी."

"कागदावर नाही काढलं. मोबाइलवरच काढलंय, बोटानं."

यंत्राला चार वाक्ये सांगितली की ते चित्र काढून देते, याचा त्या वर्षी सर्वत्र बोलबाला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिले. मॅडमनी विचारलेच, "हे एआयनं केलंस का?" तो नाही म्हणाला. पुरावा काय, असे काही आम्ही स्पष्ट विचारले नाही. पण आमचे चेहरे तेच विचारत असावेत. शिवाय बाईची आकृती अपुरी राहिली आहे, असा एक कलाविषयक अभिप्रायही आम्ही दिला. "बरं सर, बरं मॅडम," एवढे म्हणून तो गेला. मुखपृष्ठावर आम्ही भुईकोट किल्ल्याचे सायंकाळचे छायाचित्र छापले. ते कोणीतरी मोबाइलवरच टिपले होते. त्याच्या मुळाची चौकशी करावी, असे आम्हाला सुचले नाही.

अंक निघाल्यावर दोन महिन्यांनी तो बोनाफाईडवर सही घ्यायला आला. सही झाल्यावर घुटमळला आणि म्हणाला, "मॅडम, तीन मिनिटं आहेत का?" तो ज्या अ‍ॅपमध्ये चित्र काढतो, ते अ‍ॅप प्रत्येक रेघेची नोंद ठेवते आणि नंतर सगळी प्रक्रिया चित्रफितीसारखी भरभर दाखवते. अकरा तासांचे काम तीन मिनिटांत आमच्यासमोर उलगडले.

प्रथम एका थरावर फिकट आराखडा. त्यावर दुसरा पारदर्शक थर, त्यावर पक्की रेघ. मग आराखड्याचा थर अदृश्य. खाली सपाट रंगांचे थर. सावल्यांसाठी वेगळा थर, तो 'मल्टिप्लाय' पद्धतीचा. म्हणजे वरचा रंग खालच्याला झाकत नाही, फक्त गडद करतो, जसा ओल्या जलरंगावर दुसरा हात फिरवावा. बोटाला दाब कळत नाही. महागडी लेखणी असती तर दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक झाली असती. त्याने प्रत्येक रेघेची टोके निमुळती होतील अशी योजना केली होती. बाईच्या हाताची रेघ त्याने सतरा वेळा परत घेतली, आम्ही मोजले. बाई पूर्ण झाली. नथ, बांगड्या, निऱ्या, सगळे. आणि मग शेवटच्या पाऊण मिनिटात त्याने तिच्यावर एक नवा थर चढविला, झाडाच्या सावलीचा रंग तिच्यावर पसरला आणि त्या थराची अपारदर्शकता कमीजास्त करीत करीत ती नाहीशी होता होता थांबवली.

आम्ही जिला अपुरी म्हटले होते, ती त्याने पुसलेली होती. मॅडमचा लेख त्याने नुसता टंकित केला नव्हता, वाचला होता.

आम्ही वर्गात पाठचिकित्सा शिकवतो. हस्तलिखितातील खाडाखोड, समासातील भर, लेखनिकाचे प्रमाद यांतून कवीचे मन कसे वाचावे हे सांगतो. कागदावरच्या खोडण्याला खूण असते, म्हणूनच चारशे वर्षांनी खुंजा हुमायूनचा डाग बोलतो. पडद्यावर केलेले 'अनडू' मात्र निष्कलंक असते. तिथे चूक घडलीच नव्हती असे होते. आमच्या संशयाचे मूळ बहुधा यातच होते. खाडाखोड दिसत नाही म्हणजे कष्ट नाहीत. वास्तविक रघुवीर मुळगावकरांनी देवदेवतांच्या कांतीवर जो मुलायम प्रकाश आणला, त्यात रंगाच्या फवाऱ्याचा मोठा वाटा होता. दीनानाथ दलालांची चित्रे आपल्यापर्यंत पोचली ती ब्लॉक आणि छपाईयंत्रातून. यंत्र त्यांच्याही हातात होतेच. त्यांना कोणी मूळ विचारले नाही.

बोलता बोलता कळले की त्याचे वडील पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, निवडणुकीच्या भिंती. दोरीला खडू लावून रेघ मारायची, एनॅमलने अक्षर भरायचे, बाजूला सावली सोडायची. फ्लेक्स आला आणि कोरलड्रॉवर एका तासात फलक होऊ लागला. वडिलांनी ब्रश ठेवला आणि ते ऊसतोडीला जाऊ लागले. "पप्पा माझं चित्र बघत नाहीत," तो म्हणाला. "म्हणतात, त्याच मशीनचं आहे." यावर आम्हाला काही बोलता आले नाही. आम्हीही तेच म्हणालो होतो, आणि आमचे तर काही गेलेही नव्हते.

पुढच्या अंकाचे मुखपृष्ठ आम्ही त्यालाच सांगितले. तेच चित्र द्यायचे ठरले, पण मुद्रकाने फाइल परत पाठवली. चित्राची रुंदी होती १०८० पिक्सेल. इंचाला तीनशे ठिपके धरले तर ते जेमतेम साडेतीन इंच छापता येते. ए-फोर पानाला २४८० लागतात. मोठे करायला काय हरकत आहे, असे आम्ही विचारले. ताणून मोठे होते, पण नव्याने काही येत नाही, असे उत्तर मिळाले. त्याने सगळे चित्र मोठ्या कॅनव्हासवर पहिल्यापासून काढले. त्याच्या साध्या मोबाइलला एवढ्या आकारात मोजकेच थर झेपत होते. म्हणून बाई आणि सावली एकाच थरावर आणावी लागली, आणि या वेळी पुसताना चुकली तर ती कायमची जाणार होती. दुसरी बाई पहिलीपेक्षा थोडी वेगळी आली आहे. हात अधिक ताठ आहे. आम्हाला दुसरी अधिक आवडते.

निळा मात्र छपाईत मळकट आला. पडदा प्रकाशाने रंगतो आणि कागद शाईने. पडद्यावरचे काही निळे चार शाईंच्या मिश्रणात बसतच नाहीत. हे आम्हाला छापून झाल्यावर समजले. त्याला आधीच ठाऊक होते, पण आम्ही घाई केली होती.

अक्षरेही त्यानेच काढली, वडिलांच्या पाट्यांच्या वळणाची. आधी 'अहमदनगर' असे लिहिले होते. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तेव्हा मुखपृष्ठावरचे नावही बदलावे लागले. अक्षरांचा थर स्वतंत्र होता; काम दहा मिनिटांत झाले. वडिलांच्या काळी अख्खी पाटी पुन्हा रंगवावी लागली असती. पण जुने अक्षर त्याने काढून टाकले नाही. थरांच्या यादीत प्रत्येक नावापुढे एक छोटा डोळा असतो. त्या थराचा डोळा त्याने मिटून ठेवला आहे.

छापील अंकाची एक प्रत तो घरी घेऊन गेला. वडिलांनी चित्राविषयी काही म्हटले नाही. अक्षरांवर बोट फिरवून ते एवढेच म्हणाले, की 'ल्या'ची सावली उलट्या बाजूला पडली आहे. आम्ही अंक पुन्हा काढून पाहिला. पडली आहे खरी.