सिंहस्थाच्या वर्षीचा लॅपटॉप

आमच्या घरचा लॅपटॉप सिंहस्थाच्या वर्षीचा, म्हणजे २०१६ सालचा. मुलाच्या कॉलेजसाठी घेतला होता. तो नोकरीला पुण्याला गेला आणि लॅपटॉप माझ्याकडे आला. माझं सगळं लिखाण त्यातच, आणि सासूबाईंचा आवाजही. दशलक्षण पर्वात दुपारी त्या आम्हा सुनांना पुराणातल्या गोष्टी सांगत. त्या मी फोनवर रेकॉर्ड करून लॅपटॉपमध्ये ठेवल्या होत्या. सासूबाई गेल्या, तो फोनही गेला. दुसरी प्रत काढून ठेवावी, हे काही मला सुचलं नाही.

गेली दोन वर्षं त्याचं बटण दाबून मी कुकर लावायची. तीन शिट्ट्या झाल्या तरी पडद्यावर गोल फिरतंच आहे. अपडेट आलं की दिवस गेलाच. गेल्या दिवाळीच्या तोंडावर असंच एक अपडेट अर्ध्यात अडकलं आणि लॅपटॉप उघडेचना. आमचे हे म्हणाले, "भंगारात दे आता. अपरिग्रहावर लेख लिहितेस ना?" मी म्हटलं, चालतं आहे ते टाकून नवं आणायचं, हा कुठला अपरिग्रह? पण ते चालत तरी कुठे होतं!

फ्रीगंजातला दुकानदार म्हणाला, "आंटीजी, फॉर्मेट मार देते हैं." मी होच म्हणणार होते. नशीब, आधी मुलाला फोन केला. तो जवळजवळ ओरडलाच, "आई, फॉर्मेट म्हणजे सगळं पुसणं! लॅपटॉप उचल आणि घरी जा."

मग त्याने समजावलं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक सुई तिच्यावर इकडून तिकडे माहिती शोधत हिंडते. अपडेट म्हणजे हजारो बारीक फाइली. त्या लिहिता लिहिता तिचा जीव जातो, त्यात रॅम फक्त ४ जीबी. विंडोज १० ची मोफत अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ ला आमच्यापेक्षा नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे यंत्र मेलेलं नव्हतं, त्याच्यावरचं ओझं वाढलं होतं. (माझ्या गुडघ्यांविषयी डॉक्टर हेच सांगतात.)

टॉवरजवळच्या एका पोराने माझ्यासमोर डिस्क बाहेर काढली, दुसऱ्या लॅपटॉपला वायरने जोडली आणि आधी सगळं उतरवून घेतलं. तो पाऊण तास मी णमोकार म्हणत स्टुलावर बसले होते. मग त्याने २५६ जीबीची एसएसडी घातली. तिच्यात फिरणारं काही नसतं. रॅम ८ जीबी केली आणि लिनक्स मिंट टाकलं, ते फुकट मिळतं. आता चहाला आधण येण्याआधी लॅपटॉप तयार. माझा इनस्क्रिप्ट कळफलकही त्यात आहे. जुन्या लेखांची पानं थोडी इकडेतिकडे सरकली आहेत, पण अक्षर शाबूत आहे.

सासूबाईंच्या गोष्टींच्या तीन प्रती केल्या. एक पुण्याला, एक माझ्या कपाटात दागिन्यांच्या डब्यात, एक इंदूरला जाऊबाईंकडे. जाऊबाईंनी अजून ऐकलेल्या नाहीत. पेन ड्राइव्ह हातात घेतात आणि परत ठेवून देतात.