मत्तयचा पहिला अध्याय

वाशीम, २ डिसेंबर २०२४
नाताळच्या उपासनेत शास्त्रवाचन माझ्याकडे आले आहे. पाळकसाहेबांनी मत्तयचा पहिला अध्याय अठराव्या वचनापासून वाचायला सांगितला. बहुतेक ठिकाणी तसेच वाचतात. आधीच्या सतरा वचनांत अब्राहामापासून योसेफापर्यंतची वंशावळ आहे, नावांमागून नावे. "पहिल्यापासून वाचू का?" असे मी विचारले. "त्यात मंडळीसाठी काय आहे ते आधी मला सांगा, सिस्टर," म्हणाले. म्हणून ही टिपणे.

५ डिसेंबर
शेजारच्या मुलाला जात पडताळणीचा अर्ज करायचा होता, त्याच्यासोबत तहसीलला गेले. अर्जनवीस वंशावळ लिहीत होता: खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील. पणजोबांच्या नावाला पुरावा हवा. शाळेचा दाखलखारीज नाही, कोतवाल बुकाची नक्कल नाही. मुलगा खाली मान घालून उभा.

घरी येऊन एज्राचा दुसरा अध्याय काढला. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांची ती यादी. हबाया, हक्कोस आणि बर्जिल्लय या घराण्यांनी वंशावळीत आपली नावे शोधली, ती सापडली नाहीत, म्हणून त्यांना याजकपणातून दूर केले. वाचून जीव तुटतो. पण ज्यांची नोंद मिळाली नाही त्यांची नावे त्याच पुस्तकात राहिली, नहेम्याच्या पुस्तकातही पुन्हा आली. माणसांनी दाराबाहेर ठेवलेल्यांना शास्त्राने पानावरून काढले नाही.

८ डिसेंबर, रविवार
उपासनेनंतर दुपारभर मत्तय घेऊन बसले. तो चौदा-चौदा पिढ्यांचे तीन भाग करतो. ते जुळवताना योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे गाळतो: अहज्या, योवाश, अमस्या. राजे गाळणारा हा लेखक चार बायकांना मात्र आवर्जून जागा देतो. सासऱ्याने हक्क नाकारलेली तामार. यरीहोची वेश्या राहाब. रूथ मवाबी, आणि मवाब्यांना तर दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत प्रवेश नाही असे अनुवादाचे पुस्तक सांगते. चौथीला तो नावाने हाक मारत नाही, उरीयाची बायको म्हणतो. दावीदाने ज्याला मारवले त्या उरीयाचे नाव असे प्रभूच्या वंशावळीत कायमचे बसले. थोर राजाचे पाप घराण्याच्या यादीतून धुऊन काढायचे नाही, असा हा निर्धार आहे. निरपराध्यांच्या रक्ताने यरुशलेम भरणारा मनश्शेही यादीत आहेच.

आणि पाचवी मरीया. तिच्यापाशी आल्यावर बापाकडून मुलाकडे चाललेली साखळी थांबते. येशू जन्मला तो मरीयेपासून.

नाझरीन मिशनच्या रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटलात मी नोकरी केली. बाळंतिणींच्या वॉर्डात बाळाच्या मनगटावर आम्ही 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचे नाव लिहायचो. जगात आल्यावर माणसाची पहिली ओळख तीच. राज्य सरकारनेही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावणे सक्तीचे केले. मत्तयने पाच आया आधीच लिहून ठेवल्या आहेत.

१२ डिसेंबर
कारंज्याला जाऊन आले. बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठासंघ या जैन परंपरांची तिथे तीन जुनी मंदिरे आहेत. बलात्कार गणाच्या कारंजा शाखेची पट्टावली, म्हणजे गुरुपरंपरेची यादी, वि. पा. जोहरापूरकरांच्या 'भट्टारक संप्रदाय' या १९५८च्या ग्रंथात आहे. भट्टारक म्हणजे त्या गादीचे धर्मगुरू. ते ब्रह्मचारी, त्यामुळे पट्ट, म्हणजे गादी, गुरूकडून शिष्याकडे जाई. रक्ताचे नाते नसताना पिढी चालते, हे आपल्या जिल्ह्यात शतकानुशतके माहीत होते. योसेफाचे येशूशी नाते असेच, स्वीकारण्यातून आलेले. देवदूताने बाळाचे नाव ठेवायला त्यालाच सांगितले.

१५ डिसेंबर
आज लिहायला जड जाते आहे. माझी पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथालयात आली. तिच्या नोंदीत वडिलांच्या नावाची जागा कोरी. त्याआधीचे आमच्या घराण्याचे काही माहीत नाही. वऱ्हाडातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांची वंशावळ अशीच दुष्काळापाशी थांबते.

पंडिता रमाबाई आठवतात. १८७० च्या दशकातल्या दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ गेला. एकुलती मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली, आणि स्वतः रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेले मराठी बायबल १९२४ मध्ये निघाले. ज्या बाईचे सगळे कुटुंब संपले, तिनेच या वंशावळी नावानिशी आपल्या भाषेत आणल्या. केडगावच्या त्यांच्या आश्रमात दुष्काळातल्या किती अनाथ मुली त्यांना आई म्हणत होत्या!

१८ डिसेंबर
लूक उलटा जातो: येशूपासून मागे दावीद, अब्राहाम, आदाम आणि शेवटी देव. माझ्या पणजीच्या कोऱ्या जागेचे उत्तर मला इथे मिळाले. कागद कुठेही संपो, मूळ तिथे पोचते. इब्रीकरांस पत्रात मलकीसदेकाला बाप नाही, आई नाही, वंशावळ नाही, आणि अब्राहामाने त्यालाच दशांश दिला. पहिल्या इतिहासात शेशानाला मुलगा नव्हता. त्याने मुलगी आपल्या मिसरी दासाला, यरहाला, दिली, आणि त्या दासापासून पुढे तेरा पिढ्या नावानिशी लिहिल्या आहेत.

२० डिसेंबर
पाळकसाहेबांना हे सगळे वाचून दाखवले. जरुब्बाबेलनंतरची अबीहूद, अज्जूर, सादोक, याखीम, एलीहूद ही माणसे बायबलात दुसरीकडे कुठेच भेटत नाहीत, हेही सांगितले. राज्य गेलेले, देश परक्यांच्या हाती, आणि त्यांनी फक्त पिढी पुढे दिली. त्यांच्यावाचून योसेफ नाही. पाळकसाहेब थोडे थांबून म्हणाले, "पहिल्यापासून वाचा."

ज्यांच्याकडे यंदा नाताळचे शास्त्रवाचन असेल त्यांना माझी विनंती: पहिल्या वचनापासून वाचा, एकही नाव गाळू नका. सावकाश वाचले तरी सतरा वचनांना तीन मिनिटे लागतात.