वेगळं दिसायचंय? उद्यमनगर आठवा!

‘कॅट’ला 99 पर्सेंटाइल म्हटलं की घरात पेढे वाटले जातात. पेढे खा, पण जरा हिशोबही करा. 2024 मध्ये सुमारे 2 लाख 93 हजार जणांनी कॅट दिली. म्हणजे 99 पर्सेंटाइलवाल्याच्या पुढेही जवळपास 2,900 जण उभे! त्यात माझ्यासारखे आयटीतले इंजिनीअर ढिगानं. मग मुलाखतीच्या पॅनलनं लक्षात ठेवायचं तरी कुणाला?

यावर आमच्या हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये एकच मंत्र चालायचा. प्रोफाइल बनवा! एक एनजीओ, एक मॅरेथॉन, गिटारचं एखादं सर्टिफिकेट. एक मित्र तर म्हणाला, “भावा, लीडरशिप लिही. कशाची ते नंतर बघू.”

माझ्याकडे गिटार नव्हती. कोल्हापुरात, उद्यमनगरात पप्पांचं मशीन शॉप होतं. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, चार कामगार. शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग यायचं, आमच्याकडे मशिनिंग होऊन पुढे जायचं. कॉलेजपासून तिथली बिलं मीच लिहायचो. अर्जात तेच लिहिलं, आकड्यांसकट.

महिन्याला दोन लाखांचं काम. पार्टी पैसे देणार 90 दिवसांनी. पगार आणि लाइटबिल मात्र दर महिन्याला. म्हणजे आमचे सहा लाख कायम बाहेर अडकलेले. 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो, छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्या, नाहीतर व्याज द्या. पण पप्पा तक्रार करत नाहीत. पुढची ऑर्डर त्याच पार्टीकडून यायची असते ना!

वीस मिनिटांच्या मुलाखतीत पंधरा मिनिटं यावरच गेली. मॅरेथॉनचं कुणी विचारलंच नाही. मग आला हुकमी बाउन्सर, “घरचा धंदा आहे, तर एमबीए करून परत जाणार का?”

‘हो’ म्हणावं तर फिल्मी वाटतं. ‘नाही’ म्हणावं तर मग एवढं लिहिलं कशाला? मी म्हणालो, “लेथ चालवायला नाही जाणार. पण अशा शॉप्सना बिलावर लगेच पैसे कसे मिळतील, यावर काम करायचंय. त्यासाठी ‘ट्रेड्स’सारखे प्लॅटफॉर्म 2017 पासून सुरू आहेत. ते दोन लेथवाल्यापर्यंत कसे पोचवायचे, हे शिकायचंय.”

प्रवेश मिळाला. पण खरी मुलाखत त्याआधी घरी झाली होती. हेच उत्तर मी पप्पांना दिलं, तेव्हा ते जरा वेळ गप्प राहिले. मग एवढंच म्हणाले, “बरं. मग सीएनसीसाठी कर्ज काढत नाही.”

तेव्हा दोस्तहो, प्रोफाइल विकत आणू नका. तुमच्याही आसपास एखादं उद्यमनगर असेलच. मामाची मार्केट यार्डातली गुळाची अडत असेल, गावातली दूध सोसायटी असेल, महाद्वार रोडवरचं काकूंचं साडीचं दुकान असेल. पैसा कुठून येतो, कुठे अडकतो आणि त्याची झळ कुणाला बसते, एवढं नीट सांगा. ते दुसऱ्या कुणाच्या अर्जात नसतं. फक्त ‘परत जाणार का?’ याचं उत्तर आधी घरी देऊन या.