बासष्टचा धडा

भारतीय सेनेवर निबंध लिहा म्हटलं की तुमच्या वह्यांत १९७१ चा विजय हमखास येतो. १९६२ मात्र एका ओळीत उरकलेलं असतं. मला विचाराल तर आधी तेच वर्ष वाचावं.

त्या ऑक्टोबरात आपले जवान हिमालयात सुती कपड्यांत, कॅनव्हासच्या बुटांत उभे होते. हातात थ्री-नॉट-थ्री रायफल. प्रत्येक गोळीला बोल्ट ओढायचा! सपाटीवरून घाईने वर नेलेल्या माणसांना विरळ हवेची सवय नव्हती. लढाऊ विमानं वापरलीच नाहीत. शौर्य कमी नव्हतं हो. रेझांग ला इथे मेजर शैतानसिंग आणि त्यांच्या जवानांनी जागा सोडली नाही. पण नुसत्या शौर्याने थंडी भागत नाही.

पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. सेनेची मंजूर संख्या सव्वाआठ लाखांवर नेली, नव्या पर्वतीय डिव्हिजन उभ्या राहिल्या, सेल्फ-लोडिंग रायफल आली. १९६५ मध्ये सीमा सुरक्षा दल स्थापन झालं, कारण तोवर सीमेवर पहारा राज्यांचे पोलीसच देत होते.

आता गंमत बघा. १९७१ मध्ये कारवाई हिवाळ्यापर्यंत थांबवली. पावसाळ्यात पूर्व बंगालच्या नद्या फुगतात, हे एक कारण. दुसरं, डिसेंबरात हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होतात. म्हणून चीनसाठी उभारलेल्या पर्वतीय डिव्हिजनपैकी काही खाली आणता आल्या. तेरा दिवसांत ढाका पडलं. बासष्टच्या पराभवातून उभं राहिलेलं सैन्य तिथे कामी आलं, असं मी वर्गात सांगतो.

तरीही १९९९ ला कारगिलमध्ये घुसखोर शिखरांवर बसले ते वेळेवर कळलं नाही. ५२७ जवान गेले. मग के. सुब्रह्मण्यम समिती नेमली, लेहला चौदावी कोअर उभी राहिली, आणि २०२० मध्ये तिन्ही दलांत मेळ घालायला संरक्षणदल प्रमुख हे पद आलं. वीस वर्षं लागली!

त्या समितीचा अहवाल, काही भाग गाळून का होईना, लोकांसमोर आला. १९६२ वरचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल मात्र सरकारने अधिकृतपणे अजून प्रसिद्ध केलेला नाही. पहाटे भरतीसाठी रस्त्यावर धावणाऱ्या तुमच्यासारख्या पोरांनी तो वाचायचा तरी कधी?