फातोर्ड्याचे मैदान आणि दोन पिढ्या

आपल्याकडे गावोगाव जसा कुस्तीचा आखाडा, तसे गोव्याच्या सासष्टी तालुक्यात गावोगाव फुटबॉलचे मैदान. कुठे ते चर्चपुढच्या मोकळ्या जागेत असते, तर कुठे चक्क भाताच्या खाचरात. पावसाळी भात कापून झाले आणि जमीन जरा टणकली, की पोरे दोन काठ्या रोवून गोल उभा करतात. मग पुढची नांगरट होईपर्यंत ते शेत पोरांचे. मालकही बहुधा काही म्हणत नाही, कारण लहानपणी तोही तिथेच खेळलेला असतो.

गोव्याला जाणारी आपली मंडळी समुद्र पाहून परत येतात. शेतकरी माणसाने तिथली खाजन शेतीही पाहून यावी. नदीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून पूर्वजांनी ही जमीन मिळवली. बांधात ‘मानस’ नावाची दारे असतात. भरतीला ती पाण्याच्या रेट्याने मिटतात आणि ओहोटीला उघडून शेतातले पाणी बाहेर सोडतात.

या मातीत फुटबॉलचे बी १८८३ साली पडले, असे सांगतात. विल्यम लायन्स नावाच्या पाद्रींनी शिवोली गावात मुलांना हा खेळ शिकवला. गोवा १९६१ साली मुक्त झाला आणि पुढच्या काळात साळगावकर, धेंपो, सेझा अशा खाण व्यवसायातल्या घराण्यांनी व कंपन्यांनी संघ बांधले. गावातला चांगला खेळणारा मुलगा हेरायचा, त्याला नोकरीला लावायचे आणि आपल्या संघात खेळवायचे, अशी रीत होती. संतोष करंडक स्पर्धेत १९८३ साली गोव्याने बंगालबरोबर संयुक्त विजेतेपद मिळवले आणि १९८४ साली तो करंडक एकट्याने जिंकला. एवढ्याशा प्रदेशाला त्याचा केवढा अभिमान!

मडगावला लागूनच फातोर्डा आहे. तिथले नेहरू स्टेडियम १९८९ साली उघडले. जवळच्या चहाच्या गाड्यावर पंचाहत्तरीचे एक आजोबा आणि विशीतला त्यांचा नातू भेटले. नातू त्यांना ‘शापाय’ म्हणत होता. तिकडच्या ख्रिस्ती घरांत आजोबांना असेच म्हणतात. आम्ही फुटबॉलची चौकशी केली मात्र, दोघांची जुंपली.

“आमच्या वेळी खेळाडू म्हणजे शेजारच्या वाड्यावरचा मुलगा,” आजोबा म्हणाले. “ब्रह्मानंद शंखवाळकर गोलात उभा असला की आम्ही निर्धास्त. आता संघात निम्मे कुठले कुठले! एक हंगाम खेळतात आणि दुसऱ्या संघात जातात. नावे पाठ होईपर्यंत निघून जातात.”

आपल्या भाषेत सांगायचे, तर पूर्वीचा खेळाडू घरचा गडी होता आणि आताचा हंगामी मजूर झाला, अशी त्यांची तक्रार.

नातू हसला. “शापाय, तुमच्या धेंपोचा रांटी मार्टिन्स कुठल्या वाड्यावरचा? चर्चिलचा ओडाफा कुठला? दोघे नायजेरियाचेच ना?”

आजोबांनी ते मान्य केले. “पण शिकवणारा आर्मांदो कुलासो आपला गोंयकार होता. २००५ ते २०१२ या काळात धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली, ती त्याच्या हाताखाली.”

खरा सल निराळाच होता. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफसी गोवा हा नवा संघ आला. पुढे या नव्या लीगलाच पहिला दर्जा आणि जुन्या आय-लीगला दुसरा, असा बेत राष्ट्रीय महासंघाने आखला. त्याच्या निषेधार्थ धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही संघ २०१६ साली आय-लीगमधून बाहेर पडले. “वर्षानुवर्षे जिंकून मिळवलेली जागा पैसे भरणाऱ्याला दिली,” हे सांगताना आजोबांचा आवाज चढला.

नातवाची बाजूही पोकळ नव्हती. एफसी गोवाचे पहिले प्रशिक्षक ब्राझीलचे झिको. १९८२ च्या विश्वचषकात त्यांचा खेळ गाजला, तेव्हा आजोबाच ऐन तारुण्यात होते! २०२० साली हा संघ लीगच्या गुणतक्त्यात पहिला आला. पुढच्याच वर्षी आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये गटसाखळी खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सौदी अरेबियाचा अल नस्र संघ फातोर्ड्याला आला. रोनाल्डो आला नाही, म्हणून तरुण मंडळी हिरमुसली. गोवा १-२ असा हरला, पण गोव्याचा तो एक गोल केला ब्रायसन फर्नांडिस या गोंयकार मुलाने.

“तो गोल तुम्ही उभे राहून पाहिलात,” नातवाने आठवण दिली. आजोबा गप्प राहिले, पण ओठांत हसले.

ज्या नव्या लीगवरून एवढा वाद, तीही २०२५ साली नेहमीच्या वेळी सुरू होऊ शकली नाही. हक्कांचा करार संपत आला होता आणि नवा ठरत नव्हता. काही क्लबांनी पगार थांबवले. आम्हाला वाटते, दुखणे दोन्ही पिढ्यांचे एकच. पूर्वीचे क्लब खाणीच्या पैशावर, आताचे करार आणि प्रायोजकांच्या पैशावर. सगळे शिवार एकाच विहिरीवर ठेवले, की विहीर आटली त्या दिवशी सगळ्यांचेच पीक करपते. हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

तरी एक चांगली गोष्ट घडली. धेंपोने खालच्या श्रेणीतून खेळत २०२४ साली आय-लीगमध्ये पुन्हा जागा मिळवली. ती जिंकून मिळवलेली, म्हणून आजोबा खूश. नातूही त्यांच्याबरोबर सामना पाहून आला.

दोघांचे एका बाबतीत मात्र अगदी एकमत होते. खाचरे बुजवून घरे उठू लागली आहेत. मुले खेळणार कुठे आणि उद्याचा खेळाडू येणार कुठून?

गोव्याला जाल, तर भातकापणीनंतर जा. कोकण रेल्वेने मडगावला उतरा आणि दुपार कलल्यावर एखाद्या खेड्याच्या वाटेला लागा. पोरांचा कालवा ऐकू आला, की तिकडे वळा. बसायला बांध आहे आणि तिकीट लागत नाही.